मिठाची गुळणी

खाकी लिफाफा, पाच ठिकाणी लाख, प्रत्येक लाखेवर पोलीस ठाण्याचा ठसा. सोबतच्या पत्रावर नमुना सील. आधी हे दोन ठसे जुळतात का पाहायचं, लाख कुठे तडकली आहे का पाहायचं, वजन करायचं, रजिस्टरला नोंद घ्यायची, आणि मगच कात्री लावायची. आत प्लॅस्टिकच्या दहा बारक्या पुड्या निघाल्या. प्रत्येकीत चिमूटभर पांढरी पूड. पत्रात लिहिलं होतं, ‘अंमली पदार्थाचा संशय, कोकेन असण्याची शक्यता.’

तालुक्याच्या गावात कोकेन! १९९० साल होतं, मला गुन्ह्यांतला माल तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला लागून दुसरंच वर्ष. अफू, गांजा, हातभट्टी यांचा कंटाळा यायला लागला होता. कोकेन मी तोवर फक्त पुस्तकात पाहिलेलं. विभागातले सगळे काही ना काही निमित्त काढून माझ्या टेबलापाशी येऊन गेले.

रंगाची चाचणी केली. कोबाल्ट थायोसायनेटचं द्रावण गुलाबीसर असतं, कोकेन असेल तर निळं होतं. माझं गुलाबीच राहिलं. तरी आशा सुटेना. चिमूट घेतली, पोटॅशियम ब्रोमाइडबरोबर खलली, प्रेसमध्ये दाबून टिकली, म्हणजे पेलेट, केली आणि आयआर, म्हणजे अवरक्त किरणांच्या, मशीनला लावली.

तेव्हाचं आमचं मशीन म्हणजे एक लांबडी पेटी आणि तिच्या अंगावर छापील कागदाचा आलेख. डावीकडे ४०००, उजवीकडे ४००, हे किरणांच्या तरंगसंख्येचे आकडे. पेन सावकाश सरकायचं. एक नमुना म्हणजे दहा-बारा मिनिटं, तोवर चहा होऊन जायचा. त्या दिवशी चहा घेतला नाही, पेनाकडे टक लावून बसले. ३४०० च्या आसपास एक पसरट खळगा आला, १६३० ला एक बारीक आला, आणि मग काही नाही. पेन सरळ चालत कडेपर्यंत गेलं. हे दोन्ही खळगे पाण्याचे, म्हणजे पावसाळ्यात पेलेटनं हवेतून ओढलेल्या ओलाव्याचे. पुडीतल्या मालाबद्दल आलेखानं मिठाची गुळणी धरली होती.

मशीन बिघडलं असेल म्हणून पॉलिस्टायरीनची फिल्म लावली. ही फिल्म आमची परीक्षक आणि साक्षीदार दोन्ही. तिचं एक शिखर १६०१ वर यायलाच हवं. आलं. मग पेलेट बिघडली असेल म्हणून दुसरी केली. पुन्हा सपाट. तिसरी केली, माल दुप्पट घेतला. सपाट. शेवटी तीन कागद घेऊन सरांकडे गेले.

“सर, काहीच येत नाही.”

सरांनी कागद उजेडाकडे धरले, चष्मा कपाळावर सरकवला. म्हणाले, “मागच्या वर्षी नळाखाली काय धुतलंत हो तुम्ही?”

एवढं एक वाक्य पुरलं. कानांपर्यंत लाल झाले मी. परत टेबलाशी आले. थोडी पूड पाण्यात विरघळवून सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला, दह्यासारखा पांढरा साका. प्लॅटिनमच्या तारेवर चिमूट घेऊन बर्नरच्या ज्योतीत धरली, ज्योत पिवळीधमक. अकरावीच्या प्रात्यक्षिकातली दोन उत्तरं. कोकेन कसलं, दहाही पुड्यांमध्ये बारीक दळलेलं मीठ होतं. कुणीतरी कुणालातरी चांगलंच फसवलं होतं.

रिपोर्ट न्यायला आलेले हवालदार बराच वेळ कागदाकडे बघत उभे होते. “मॅडम, म्हणजे मीठच?”

“मीठच.”

“आणि आम्ही ते दोन महिने तिजोरीत ठेवलं हो. मुद्देमाल कारकुनानं किल्ली जानव्याला बांधायची तेवढी बाकी ठेवली होती.”

आता नळाची गोष्ट सांगायला हवी.

नोकरीचं पहिलं वर्ष. द्रव पदार्थ तपासायचा तर त्याचा थेंब दोन चकत्यांमध्ये दाबून मशीनला लावतात. चकती रुपयाहून थोडी मोठी, चार-पाच मिलिमीटर जाड, स्वच्छ पारदर्शक. कुणीही काचच म्हणेल. मीही म्हणाले. काम झाल्यावर नीटनेटकेपणा दाखवायचा म्हणून ती जोडी नळाखाली धरली आणि अंगठ्यानं चोळचोळून धुतली. हाताला बुळबुळीत लागलं. साबण राहिला असेल म्हणून आणखी धुतली. नळ बंद केला तेव्हा हातात दोन धुरकट, कडा झिजलेल्या, अर्धवट चोखलेल्या खडीसाखरेसारख्या गोष्टी उरल्या होत्या.

त्या चकत्या मिठाच्या होत्या. उपमा म्हणून नाही म्हणत मी, खरोखरच सोडियम क्लोराइड, एकसंध स्फटिक कापून, घासून, पॉलिश करून तयार केलेला. त्या धुवायच्या क्लोरोफॉर्मनं, पुसायच्या मऊ कापडानं, ठेवायच्या डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल लागू न देणाऱ्या बंद भांड्यात. आमचे परिचर, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, ते दारातून बघत होते. म्हणाले, “आता आमटीत टाका.” सर काही बोलले नाहीत. ते वर्षभर थांबले होते, त्या तीन सपाट कागदांसाठी.

मिठाच्या खिडक्या का, हे तेव्हा मला पुस्तकातून माहीत होतं, पण डोक्यात शिरलेलं नव्हतं. सोपं आहे तसं. काच दिसणारा उजेड आरपार जाऊ देते, पण आम्हाला हव्या त्या अवरक्त किरणांना अडवते. विल्यम हर्शेलनं १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही तिथे, थर्मामीटर ठेवला आणि पारा चढलेला पाहिला, तेव्हा हे किरण सापडले. पण काचेचा लोलक घेऊन त्यांच्या मागे फार लांब जाता येत नाही. इटलीच्या मेलोनीला १८३० च्या दशकात कळलं की खाणीतलं खडे मीठ या उष्ण किरणांना जवळजवळ अडवतच नाही. पुढे अमेरिकेत कोब्लेंट्झनं शेकडो पदार्थांचे अवरक्त आलेख काढून १९०५ मध्ये छापले, ते मिठाचाच लोलक लावून. आमच्या शास्त्राचा सगळा डोलारा असा सैंधवावर उभा आहे.

आणि मीठ का अडवत नाही? रेणूतले अणू एकमेकांना स्प्रिंगनं जोडल्यासारखे असतात आणि सतत हलत असतात. प्रत्येक जोडीचा आपला ठेका. कार्बन आणि हायड्रोजनचा २९०० च्या आसपास, कार्बन आणि ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाचा १७०० च्या आसपास. किरणाचा ठेका आणि जोडीचा ठेका जुळला की ती जोडी तेवढा किरण गिळते आणि जोरात झुलायला लागते. झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका दिला की कसा उंच जातो, तसं. गिळलेल्या किरणाच्या जागी आलेखावर खळगा पडतो. सवयीनं आम्ही त्याला पीक, म्हणजे शिखर, म्हणतो, उलटं असलं तरी. अणू हलके आणि बंध घट्ट, तर ठेका जलद. अणू जड आणि बंध सैल, तर मंद. मिठात असे सुटे रेणूच नाहीत. सोडियम आणि क्लोरीनचे आयन रांगेनं बसलेले आणि सगळी रांग मिळून सावकाश डुलणारी. तो ठेका इतका मंद की आमच्या छापील कागदाच्या उजव्या कडेच्याही पलीकडे पडतो. पोटॅशियम ब्रोमाइड आणखी जड, आणखी मंद, म्हणून पेलेटला ते. म्हणजे आम्ही बघत होतो मिठाच्या भावंडातून आणि शोधत होतो मीठ. दिसणार कसं?

त्या दिवसानंतर मी एक सवय लावून घेतली. कुठलंही नवं यंत्र आलं की त्याला काय दिसतं हे कंपनीचा माणूस सांगतोच. मी त्याला विचारायचे, याला काय दिसत नाही? बहुतेक जण उत्तर द्यायचं टाळत. एकानं तर मला सरळ सांगितलं, मॅडम, असं कुणी विचारत नाही.

पावसाळ्याबद्दल थोडं लिहिते, कारण पुस्तकं ज्या देशांत लिहिली जातात तिथे आपल्यासारखा पाऊस पडत नसावा. आमचं शहर चार महिने ओलं. पोटॅशियम ब्रोमाइड रात्रभर ओव्हनमध्ये ठेवायचं, सकाळी डेसिकेटरमध्ये. डेसिकेटरच्या तळाला निळे सिलिका जेलचे खडे, ओल लागली की गुलाबी होणारे. जुलैत ते दोन दिवसांत गुलाबी व्हायचे, मग तेच ओव्हनमध्ये भाजून पुन्हा निळे करायचे. अकीकाचा खल लाल दिव्याखाली गरम करून घ्यायचा. एक मिलिग्रॅम नमुना, शंभर ते दोनशे मिलिग्रॅम ब्रोमाइड. आणि खलायचं. किती? कण किरणांच्या लांबीपेक्षा बारीक होईपर्यंत, म्हणजे दोन मायक्रॉनच्या आत. नाहीतर किरण विखुरतात आणि आलेखाचा पाया घसरगुंडीसारखा तिरका येतो. पण फार वेळ खललं तर तेवढ्यात ओल शिरते. पुरणासारखंच, कमी वाटलं तर कणी राहते आणि जास्त रेंगाळलात तर सैल होतं. मग तेरा मिलिमीटरच्या साच्यात भरून आठ-दहा टन दाब. साचा उघडल्यावर आत काचेसारखी आरपार दिसणारी टिकली निघाली तर दिवस चांगला. दुधाळ निघाली तर पुन्हा पहिल्यापासून.

नमुन्याच्या कप्प्यापाशी वाकून बोलायचं नाही हाही एक नियम. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड २३४९ ला शिखर देतो. नव्या मुलांच्या आलेखात ते दिसलं की आम्ही म्हणायचो, आज गप्पा बऱ्याच झालेल्या दिसतात. हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन मात्र आलेखात कधीच उमटत नाहीत. दोन्हीकडे सारखेच अणू, हलले तरी विद्युतभाराचा तोल ढळत नाही, म्हणून किरण त्यांना ओळखच देत नाही. चार पंचमांश हवा नायट्रोजनची, आणि तीच अदृश्य.

पांढऱ्या पावडरी मी आयुष्यात किती पाहिल्या असतील! लोकांना वाटतं पांढरी पावडर म्हणजे एकतर विष नाहीतर ड्रग. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याचशा पुड्या वाण्याच्या दुकानातून निघालेल्या असायच्या. पिठीसाखर, खायचा सोडा, तुरटी. तुरटीतल्या सल्फेटचा ११०० जवळचा धिप्पाड खळगा लांबूनही ओळखू येतो. हातभट्टीवरच्या छाप्यात काळ्या गुळासोबत नवसागर ठरलेला. त्याच्या अमोनियमची ओळख ३१४० आणि १४०० वर. विहिरीत कुणीतरी विष टाकलं म्हणून एकदा काठावर सांडलेली पावडर खरवडून पाठवली होती. १४३० ला रुंद, ८७५ ला टोकदार, ७१२ ला आणखी एक टोकदार. चुनखडीचा कार्बोनेट. फिरून चौकशी झाली तेव्हा कळलं, आदल्या दिवशी तिथे रांगोळी घालून विहिरीची पूजा झाली होती. काही रांगोळ्यांत ७१२ च्या जागी ७२८ येतो, मग तो डोलोमाइट. या एका आकड्यावरून दगड वेगळा कळतो याचं मला अजूनही कौतुक वाटतं, घरच्यांना मात्र वाटत नाही.

कॅरमच्या पावडरचं तसं नाही. ती बहुधा बोरिक ॲसिड असते, झुरळं मारायलाही वापरतात. लहान मुलांच्या पोटात गेलेली एक-दोन प्रकरणं पाहिल्यावर मी घरातल्या कॅरमची पावडर उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. त्यावरून मुलगा चिडला होता, तो अजून ते काढतो.

नव्वदच्या दशकानंतर आमच्याकडे एफटीआयआर, म्हणजे आयआरचं नवं यंत्र, आलं. पेन गेलं, चहा गेला. आत एक आरसा मागे-पुढे सरकतो, लेसरचा तांबडा किरण त्याची चाल मोजतो, सगळ्या तरंगसंख्या एकदम नोंदल्या जातात आणि संगणक त्यातून आलेख सोडवून काढतो. अर्ध्या मिनिटात सोळा फेऱ्या. पुढे हिऱ्याचा एटीआर आला, मग खलही गेला. हिऱ्याच्या बारक्या तुकड्यावर चिमूट ठेवायची, वरून दांडा दाबायचा, झालं. किरण हिऱ्याच्या आतून परततो आणि परतताना नमुन्याला जेमतेम एक-दोन मायक्रॉन शिवतो. माल जसाच्या तसा परत मिळतो, आणि पुरावा जपायच्या आमच्या धंद्यात याचं मोल फार.

मी मात्र सवयीप्रमाणे विचारलं, हिऱ्याला काय दिसत नाही? तर हिरा स्वतः १९०० ते २३०० च्या पट्ट्यात किरण गिळतो. तिथे आलेख खरवडल्यासारखा येतो. आणि पोटॅशियम सायनाइडचं शिखर कुठे, तर २०८० च्या आसपास. सोनारकामाच्या आणि मुलाम्याच्या दुकानांतून येणाऱ्या विषाचं शिखर नेमकं तिथेच. अगदी दिसतच नाही असं नाही, पण माल थोडा असेल तर मी हिऱ्यावर विसंबले नाही. जुना खल मी कपाटात ठेवून दिला होता.

यंत्राबरोबर लायब्ररी आली. हजारो पदार्थांचे आलेख साठवलेले. तुमचा आलेख दिला की संगणक जुळणारी नावं आकड्यासह लावून देतो. पहिल्या नावापुढे ०.९५ वगैरे दिसलं की नव्या मुलांचा हात थेट रिपोर्टाच्या कागदाकडे जायचा.

२००९-१० च्या सुमारास असाच एक हुशार मुलगा माझ्याकडे आला. गर्दचं प्रकरण होतं, मातकट रंगाची पूड. “मॅडम, पॅरासिटामॉल. ०.९४.”

“मार्क्विसचा रंग काय आला?”

“जांभळा.”

“मग जांभळा कुणी केला?”

तो गप्प. मार्क्विसच्या चाचणीत जांभळा रंग हेरॉइनसारख्या पदार्थानं येतो, पॅरासिटामॉलनं नाही. मुंबईपासून गल्लीपर्यंत ज्याला गर्द म्हणतात ते कधीच नुसतं हेरॉइन नसतं. त्यात पॅरासिटामॉल आणि कॅफिन मिसळलेलं असतं, कधी कधी इतकं की हेरॉइनच भेसळ वाटावं. आणि आयआर हे गर्दीत मोठ्यानं बोलणाऱ्याचं ऐकणारं यंत्र आहे. मिश्रणात पाच-दहा टक्क्यांच्या खाली असलेला पदार्थ त्याला बहुतेक वेळा ऐकूच येत नाही.

आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो. साठवलेला पॅरासिटामॉलचा आलेख आमच्या आलेखातून वजा केला. उरलं ते कॅफिनसारखं दिसत होतं. तेही वजा केलं. उरलं ते बहुतांशी खरखर. पण १७६० आणि १७४० ला दोन बारीक उंचवटे उरले, चिमणीच्या चोचीसारखे. पॅरासिटामॉलचा कार्बोनिल, म्हणजे कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध, १६५५ च्या आसपास थांबतो, कॅफिनचा फार तर १७०० पर्यंत येतो. १७६० ला घर असणारा तिसराच कुणी होता. हेरॉइनमध्ये दोन ॲसिटेट गट आहेत, ती जोडी तिथेच राहते.

पण वजाबाकीतून उरलेल्या खरखरीवर कुणाला दहा वर्षं तुरुंगात पाठवायचं नसतं. मिश्रणातले पदार्थ वेगवेगळ्या उंचीवर नेणाऱ्या टीएलसीच्या पट्टीवर माल चढवला, ठिपके वेगळे केले, हेरॉइनच्या उंचीचा ठिपका खरवडून काढला, द्रावणात धुऊन घेतला, वाळवला, त्याची पेलेट केली. पहिल्या खेपेला ११०० वर एवढा मोठा पट्टा आला की मुलगा घाबरला. तो पट्टीवरच्या सिलिकाचा, नीट गाळलं नाही म्हणून. दुसऱ्या खेपेला आलेख असा आला की लायब्ररी बंद करूनही ओळखता यावा. सोबत घटक वेगळे करून ओळखणाऱ्या जीसी-एमएस यंत्रानंही तेच सांगितलं. मुलगा म्हणाला, “मॅडम, मी पॅरासिटामॉल लिहून मोकळा होणार होतो.” मी म्हटलं, चूक काही नव्हती, पॅरासिटामॉल होतंच की त्यात.

त्या काळात या टक्क्यांना फार वजन होतं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असा निकाल दिला की शिक्षा ठरवताना मिश्रणातलं शुद्ध अंमली द्रव्य तेवढंच मोजायचं. त्या खटल्यात माल चार किलोंच्या वर होता, पण त्यात हेरॉइन दीड टक्क्याच्या आसपास, म्हणजे साधारण साठ ग्रॅम. हेरॉइनची व्यापारी मात्रा, जिला सगळ्यांत कडक शिक्षा, २५० ग्रॅमच्या वर सुरू होते, त्यामुळे चार किलो माल असूनही प्रकरण मधल्या गटात आलं. दीड टक्का! माझ्या मशीनला तो दीड टक्का दिसलाच नसता. ते काम आयआरचं नाही, वेगळ्या यंत्रांचं. पण बचावाच्या वकिलांना हा निकाल पाठ असायचा आणि आमच्या रिपोर्टात टक्केवारी नसेल तर ते हसत हसत उभे राहायचे. २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं हिरा सिंग खटल्यात तो निकाल फिरवला. आता मिसळलेल्या पॅरासिटामॉलचं वजनही आरोपीच्या खाती लागतं. मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. बरं झालं की वाईट ते माझं मलाच नक्की ठरवता आलेलं नाही. विकणाऱ्याला पळवाट उरली नाही हे चांगलंच, पण गर्दच्या पुडीत बराचसा डोकेदुखीच्या गोळीचा भुगा असतो हे मी रोज बघत होते, आणि पकडला जाणारा पोरगाही बऱ्याचदा स्वतःच ओढणारा असायचा.

कायद्याआधी रसायन पोहोचतं तेव्हा वेगळीच पंचाईत. एमडी म्हणजे मेफेड्रोन बाजारात आलं तेव्हा एनडीपीएस या अंमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. आमचा आलेख छान, १६९० च्या आसपास किटोनचं शिखर, खालचं सगळं जुळलेलं. आणि पोलीस विचारायचे, “मॅडम, नाव कळलं, पण बसतं का ते कायद्यात?” २०१५ च्या फेब्रुवारीत ते यादीत आलं, पन्नास ग्रॅमच्या वर व्यापारी मात्रा. मग त्याची भावंडं यायला लागली. बेंझीनच्या कड्यावरचा मिथाइल गट एक घर सरकवायचा, पदार्थ नवा. अशा भावंडांपुढे रेणू फोडून तुकड्यांचं वजन मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरची पंचाईत होते, कारण वजन सारखं आणि तुकडेही सारखे. आयआरला मात्र गट कुठे बसलाय ते कड्याच्या हालचालीवरून कळतं, ९०० ते ७०० च्या दरम्यान. तेवढ्या बाबतीत आमचं म्हातारं यंत्र नव्या यंत्रांना भारी आहे, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

कोर्टाचं एक सांगून टाकते. आमचा रिपोर्ट, ज्याला पोलीस आणि वकील सीए (केमिकल ॲनालायझर) रिपोर्ट म्हणतात, तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ प्रमाणे आम्ही न जाताही पुराव्यात घेता यायचा. आता नव्या संहितेत तेच कलम ३२९ आहे. तरी समन्स यायचेच. सरांनी नव्या लोकांना एकच शिकवलेलं, विचारलं तेवढंच बोला. मी एकदा जास्त बोलले. वकिलांनी विचारलं, अमुक पदार्थच आहे हे कशावरून? मी सांगायला लागले की १५०० च्या खालच्या भागाला फिंगरप्रिंट विभाग म्हणतात, प्रत्येक पदार्थाचा वेगळा. वकील एकदम सावध झाले.

“म्हणजे पुडीवरचे बोटांचे ठसे तुम्ही तपासले?”

“नाही.”

“तुमच्याकडे फिंगरप्रिंट विभाग आहे असं आत्ताच म्हणालात ना?”

“तो आलेखात आहे.”

“आलेखावर ठसे आहेत?”

न्यायाधीश साहेबांनी पेन खाली ठेवलं. पुढची दहा मिनिटं मी त्यांना उभ्या उभ्या स्पेक्ट्रोस्कोपी शिकवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि मग लघुलेखकाला म्हणाले, लिहा : ‘बोटांचे ठसे मी तपासलेले नाहीत.’ उलटतपासणीत पुढे यंत्र बिघडलेलं होतं असं सुचवलं गेलं. तेव्हा पॉलिस्टायरीनचं रजिस्टर कामाला आलं. त्या दिवसाच्या सकाळचा आलेख, १६०१, माझी सही, तारीख. माझ्या साक्षीतलं शेवटचं वाक्य नेहमीप्रमाणे ‘हे म्हणणे खरे नाही की यंत्र नादुरुस्त असताना मी तपासणी केली’ असं पडलं. आयुष्यात मी किती गोष्टी खऱ्या नाहीत म्हणून शपथेवर सांगितल्या, त्यांची यादी केली तर वेगळा लेख होईल.

निवृत्त झाले तेव्हा विभागातल्या मुलांनी शाल-श्रीफळाबरोबर एक चपटी डबी दिली. आत मिठाची एक चकती. जुन्या मशीनबरोबर आलेली, कधीच न वापरलेली, डबीतच एका बाजूनं धुरकटलेली. डेड स्टॉक रजिस्टरमधून रीतसर निर्लेखित केली आहे, असं वर सांगितलं. सरकारी माणसं! डबीवर कुणीतरी मार्करनं लिहिलं होतं, ‘धुऊ नये.’

घरात ती मी तांदळाच्या डब्यात ठेवते, ओल लागू नये म्हणून. या पावसाळ्यात तांदूळ काढताना नातीच्या हाती लागली. सहा वर्षांची आहे. तिनं ती खिडकीपाशी नेली, एक डोळा मिटून आरपार पाहिलं, बोटानं घासली. मी कणीक मळत होते, तिला सांगायला लागले की बाळा ही काच नाही, ओळख बघू काय आहे. डोक्यात सगळं तयार होतं, सिल्व्हर नायट्रेट नसलं तरी गॅसची पिवळी ज्योत दाखवता आली असती.

प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी शिकवतात, वास घ्यायचा नाही, चव तर मुळीच नाही. बत्तीस वर्षं मी ते पाळलं.

तिनं चाटली. “आज्जी, मीठ आहे हे.”